तुमच्या आईची आई कोण?

लोकांच्या नातेवाइकांची चौकशी करणं हा पुण्यात फावल्या वेळचा उद्योग आहे. मला त्याचा पगार मिळत असे. सदाशिव पेठेतल्या एका दवाखान्यात माझ्या नोकरीची बहुतेक वर्षं गेली. दवाखाना स्नायूंच्या आणि नसांच्या आजारांचा. पेशंट डॉक्टरीणबाईंकडे आत जाण्याआधी त्याला माझ्या टेबलासमोर बसवायचं आणि त्याच्या घरादाराची उलटतपासणी घ्यायची, हे माझं काम. आई कोण, आजी कोण, मावश्या किती, साखर कोणाला, कमी कोणाला ऐकू येतं, तरुणपणी कोण गेलं आणि कशानं. मग ते सगळं कागदावर मांडायचं. बाई असेल तर गोल, पुरुष असेल तर चौकोन, आणि माणूस आजारी असेल तर तो गोल किंवा चौकोन काळा करायचा. या कामाला ‘आनुवंशिक समुपदेशन’ असं भारदस्त नाव आहे. माझा नवरा त्याला भोचकपणाचं पदव्युत्तर शिक्षण म्हणतो.

आमचा दवाखाना दुसऱ्या मजल्यावर होता आणि इमारतीला लिफ्ट नव्हती. ज्यांना जिना चढता येत नाही अशांचाच दवाखाना जिना चढून गाठायचा, हे आमच्या पेठेतच होऊ जाणे. घरमालकांनी मधल्या वळणावर पाटी लावली होती, ‘जिना चढण्यासाठी आहे. बसण्यासाठी आपापल्या घरी जागा असावी.’ आमचे निम्मे पेशंट बरोबर त्या पाटीखाली बसत. ज्यांना मुळीच चढवत नसे त्यांना डॉक्टरीणबाई खाली जाऊन रिक्षातच तपासत. बाकीच्यांसाठी मात्र तो जिना आमचं पहिलं यंत्र होता. माझं टेबल जिन्याच्या तोंडाशी असे. पावलं कुठे मंदावतात, कठडा कुठे धरला जातो, वळणावर किती वेळ शांतता पसरते, हे ऐकून मला पुढच्या माणसाची निम्मी हकीकत तो दिसायच्या आधीच कळायची.

उरलेली निम्मी काढून घेणं मात्र अवघड. ‘घरात कोणाला काही आजार?’ असं विचारलं की उत्तर ठरलेलं, ‘छे हो, सगळे ठणठणीत.’ थोड्या वेळानं कळतं, की ठणठणीत काकांच्या दोन्ही कानांत यंत्रं आहेत आणि ठणठणीत आत्या रोज पोटात सुई टोचून घेते. म्हणून मी माझे प्रश्न बदलले. फोटो काढताना ‘डोळे उघडा’ असं कोणाला सांगावं लागतं? टीव्ही कोणामुळे मोठ्यानं लागतो? भाजीची पिशवी कोपऱ्यावर पोचायच्या आत दुसऱ्याच्या हातात कोण देतं? आणि शेवटचा, हुकमी प्रश्न: घरात आळशी कोण? याला उत्तर लगेच येतं, सगळे एकदम देतात, आणि बोटानं दाखवून देतात. त्या एका प्रश्नानं मी जितके आजार पकडले तितके कुठल्याच प्रश्नानं पकडले नाहीत. सगळे आळशी लोक आजारी असतात असं नाही. माझ्या घरात त्याचा जिवंत पुरावा सोफ्यावर पडलेला असतो.

आता थोडं शास्त्र सांगते; कंटाळा आला तर पुढचा परिच्छेद आहेच. आपल्या पेशींमध्ये मायटोकॉन्ड्रिया नावाच्या बारीक बारीक शेगड्या असतात. शाळेच्या पुस्तकात यांना ‘तंतुकणिका’ म्हटलंय आणि त्यांचं चित्र घेवड्याच्या बीसारखं काढलंय. परीक्षा झाली की नाव आणि चित्र दोन्ही लोक विसरतात. खाल्लेलं अन्न आणि घेतलेला श्वास यांतून अंगात जी ताकद येते, ती बहुतेक या शेगड्यांवर शिजते. एकेका पेशीत त्या शेकड्यांनी असतात. डॉक्टरीणबाईंनी एकदा मला जिवंत पेशीची चित्रफीत दाखवली, तेव्हा मी थक्क झाले. त्या बीसारख्या गप्प पडलेल्या नसतातच. त्या सरकतात, एकमेकींना चिकटून लांब दोरा होतात, पुन्हा तुटतात, काम जास्त असेल तिकडे गर्दी करतात. एखादी फारच बिघडली तर पेशी तिला बाजूला काढून मोडीत घालते. स्नायू, मेंदू, हृदय, कान आणि डोळे यांना ताकद जास्त लागते, म्हणून शेगड्या बिघडल्या की पहिली ओरड तिथून येते. आणखी एक गंमत म्हणजे त्यांचा स्वतःचा छोटासा वारसा असतो आणि तो फक्त आईकडून येतो. वडिलांच्या शेगड्या बीजाबरोबर आत येतात खऱ्या, पण गर्भ त्यांना ठेवून घेत नाही. म्हणून असला आजार दिसला की माझी पेन्सिल बापाकडे वळतच नसे. आई, आईची आई, तिची आई, असं सरळ वर चढत जायचं.

गिऱ्हाइकं नाना तऱ्हेची. बाणेरहून एक इंजिनियर मुलगा यायचा. त्याला कुठलाही आजार नव्हता. त्याला फक्त रात्री झोप आणि दुपारी जेवण या दोन गोष्टींची गरज होती. पण त्यानं कुठूनशी पावडर मागवली होती आणि मला विचारायचा, “मॅम, माझे मायटोकॉन्ड्रिया बूस्ट झालेत की नाही, हे ट्रॅक कसं करायचं?” डॉक्टरीणबाईंनी त्याला घरी जाऊन आमटीभात खायला सांगितलं. त्यानं तेही मोबाइलवर नोंदवून घेतलं. विश्रांतवाडीहून एक रिटायर झालेल्या वनकरबाई यायच्या, मूळच्या अकोल्याकडच्या, सरकारी नोकरीत आयुष्य गेलेलं. त्यांना मी ‘आईची आई?’ विचारलं, तर त्यांनी आई, आजी, पणजी, प्रत्येकीचं नाव आणि गाव घडाघडा सांगितलं. “आमच्याकडे बाळाला अंघोळ घालताना सांगतात मॅडम, पाणी संपेपर्यंत,” त्या म्हणाल्या. असा पेशंट मिळणं म्हणजे सणच. एरवी शिकल्यासवरल्या माणसांनासुद्धा आईच्या आईचं नाव विचारलं की ती छताकडे बघायची. आजी म्हणजे आजी, तिला नाव कशाला?

हे सगळं सांगायचं कारण तात्या.

तात्या पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. खडकवासल्याच्या कालव्यावर त्यांची हयात गेली होती आणि पुण्यातला नळ सोडणारा प्रत्येक माणूस आपला ऋणी आहे अशा नजरेनं ते जगाकडे पाहत. ही नजर शब्दशः होती. मान मागे टाकून, हनुवटी वर करून, डोळे अर्धवट मिटून ते समोरच्याकडे बघत. पेठेत त्यांच्या दुपारी दार न उघडण्याच्या शिस्तीची आणि या बघण्याची ख्याती होती. दुकानदार म्हणत, तात्यांनी नुसतं पाहिलं की मापात पाप करायची छाती होत नाही.

ते पहिल्यांदा आले तेव्हा जिन्यावर बराच वेळ शांतता होती. मी वाकून पाहिलं, तर तात्या वळणावरच्या पायरीवर पाटीखाली बसून पाटीच वाचत होते. “भाषा चांगली आहे,” वर आल्यावर ते म्हणाले, “पण सौजन्य जरा जास्त झालंय.” त्यांच्याबरोबर त्यांच्या पत्नी माई होत्या, आणि सून मुक्ता. मुक्ता बुटकीशी, तिशीच्या आतली, चेहरा पांढराफटक. मुलगा निखिल फोन कानाला लावून खालीच राहिला होता. “अ‍ॅक्च्युअली मी कॉलवर आहे, तुम्ही सुरू करा,” असं त्यानं जिन्यातून ओरडून सांगितलं.

पेशंट मुक्ता होती. एकादशीचा निर्जळी उपास करून सकाळी पर्वती चढताना ती अर्ध्यावर कोसळली होती. रुग्णालयात नेलं, तर रक्तात आम्ल भलतंच वाढलेलं. कारण कळेना, म्हणून आमच्याकडे पाठवलेली. मी माझा हुकमी प्रश्न विचारायची गरजच पडली नाही.

“आळशी आहे हो,” माई म्हणाल्या. “दोन पोळ्या लाटल्या की ओट्यापाशी स्टूल ओढते. जिन्यात बसते, बाजारात बसते. हाक मारली तर ऐकू येत नाही. ओवी झाल्यापासून तर विचारू नका. आणि डोकं दुखलं की उलट्या.” ओवी म्हणजे मुक्ताची मुलगी, नुकतीच शाळेत जायला लागलेली.

“मी तिला रोज पर्वतीला नेतो,” तात्या म्हणाले. “सोमवार, चतुर्थी, एकादशी उपास. शरीराला शिस्त लावली की शरीर ऐकतं.”

“आपणही वरपर्यंत जाता?” मी विचारलं.

“मी मध्ये थांबतो. येणाऱ्याजाणाऱ्याला पर्वतीचा इतिहास सांगावा लागतो.”

मुक्ता खाली मान घालून साडीचा पदर बोटाला गुंडाळत होती. “मला खरंच दमायला होतं,” एवढंच ती म्हणाली. हे वाक्य तिनं इतक्या जणांना सांगून झालं होतं, की आता ते कोणी ऐकेल अशी तिची अपेक्षाच उरली नव्हती. मला त्या क्षणी त्या दोघांचाही राग आला. तो चेहऱ्यावर न दाखवणं हाही माझ्या पगारातलाच भाग होता.

मी कागद पुढे ओढला. तात्यांनी लगेच पिशवीतून विटेएवढं लाल कापडी बांधणीचं पुस्तक काढून माझ्यासमोर ठेवलं. “आपला वेळ वाचावा म्हणून घेऊन आलोय. आमचा कुलवृत्तांत. मूळ पुरुषापासून सगळे आहेत.”

मी पानं चाळली. अमुकचे पुत्र तमुक, त्यांचे पुत्र अमुक. “यात बायका कुठे आहेत?”

“कंसात,” तात्या म्हणाले.

मी पुस्तक आदरानं मिटून बाजूला ठेवलं आणि मुक्ताला विचारलं, “तुझं लग्न नात्यात झालंय का गं?”

“नाही,” तात्यांनीच उत्तर दिलं. माई पंख्याकडे बघायला लागल्या. मुक्ता पायाकडे. मी कागदावर ‘नाही’ लिहिलं.

“आई?”

“आई नाहीये. मी कॉलेजात असताना गेली. साखर होती तिला. आणि ती... नुसतीच दमायची.”

“बसून बसून गेली,” तात्या एकदम मोठ्यानं म्हणाले. “हालचाल म्हणून नाही. कोणी दोन शब्द कडक बोललं असतं तर जगली असती.” त्यांचा आवाज जरा फाटला. व्याह्यांच्या घरातल्या बाईबद्दल एवढा कळवळा मी कोणा सासऱ्याच्या तोंडी ऐकला नव्हता. मला ते चमत्कारिक वाटलं, पण तेवढ्यात डॉक्टरीणबाईंनी बोलावलं आणि सगळे आत गेले.

आत डॉक्टरीणबाईंनी रक्ताबरोबर लघवीचाही नमुना मागितला. शेगड्यांचा एक नेहमीचा दोष रक्तापेक्षा लघवीत जास्त नीट सापडतो. तपासण्या होईपर्यंत उपास बंद, पर्वती बंद, असं त्यांनी बजावलं. त्या मोजकंच बोलतात. त्यांच्यापुढे तात्यांनाही मध्ये बोलायला फट सापडली नाही.

बाहेर आल्यावर माईंनी मला बाजूला घेतलं. “आमचं ठरलंय,” त्या हळू आवाजात म्हणाल्या. “दिवाळीनंतर हिला वाईला पाठवायची, वडिलांकडे. तिथे राहू दे हवी तितकी बसून. ओवी इथेच राहील, तिची शाळा आहे. माझंही वय झालंय, मी किती करू?”

“वडिलांकडे कोण आहे?”

“कोणी नाही. दोन खोल्या आहेत.”

मुक्ता पलीकडच्या बाकावर बसली होती. तिला नीट ऐकू येत नाही असं सगळे म्हणत होते, पण हे तिनं ऐकलं होतं. तिच्या चेहऱ्यावरून मला ते दिसलं. दमते म्हणून एका आईला तिच्या मुलीपासून तोडायचं चाललं होतं, आणि ते टळलं तर फक्त आमच्या रिपोर्टनं टळणार होतं. पुढचे दिवस मी प्रयोगशाळेला फोन करकरून भंडावून सोडलं.

रिपोर्ट आला आणि मला आनंद आणि धास्ती दोन्ही एकदम झाली. दोष सापडला होता. मुक्ता आळशी नव्हती, तिच्या शेगड्याच नीट पेटत नव्हत्या. पण हा आजार आईकडून येतो, हे सांगायचं होतं, आणि या धंद्यात सगळ्यात नाजूक वाक्य तेच. ‘आईकडून’ म्हटलं की सासरी त्याचं भाषांतर ‘हिच्या माहेरून’ असं होतं. त्या एका वाक्यानं मी घरं मोडताना पाहिली आहेत. त्याचं दुःख मला अजून आहे, कारण वाक्य खरं असतं आणि ते टाळता येत नाही.

या वेळी चौघंही आले. निखिलनं फोन खिशात ठेवला होता. मी टेबलावर वाटीत शेंगदाणे ठेवत असे. सगळ्यांना वाटायचं बाईंना भूक लागते, पण ते माझं शिकवायचं साहित्य होतं.

“समजा डब्यातल्या दाण्यांत काही खवट आहेत,” मी म्हणाले. “आई मुलाला मूठभर दाणे देते. मुठीत खवट किती यायचे, ते तिच्या हातात नसतं. चारदोन आले तर चटणीत कळतसुद्धा नाही. फार आले तर सगळी चटणी कडू होते. म्हणून एकाच आईची दोन मुलं, एक धडधाकट आणि एक दमणारं, असं होऊ शकतं. यात कोणाची चूक नाही. मुक्ताच्या मुठीत जास्त आले, एवढंच.”

“म्हणजे हिच्या आईचा डबाच खवट,” माई म्हणाल्या. “मी म्हणत नव्हते? हिच्या माहेरचंच आहे.”

मुक्तानं डोळे मिटून घेतले. निखिल काही बोलेल म्हणून मी वाट पाहिली. तो खिशातला फोन चाचपत राहिला. आता पुढचा प्रश्न मला विचारावाच लागणार होता. त्यात काही चतुराई नव्हती, वर चढत जायचं म्हणून तो प्रत्येकाला विचारायचाच असतो.

“मुक्ता, तुझ्या आईची आई कोण? तिचं नाव काय?”

मुक्तानं डोळे उघडले आणि तात्यांकडे पाहिलं. माईंनी पुन्हा पंखा गाठला. मी पेन्सिल धरून थांबले.

“द्वारका,” तात्या म्हणाले.

“आपल्याला कसं माहीत?”

“माझी आई ती.” मग ते म्हणाले, “मुक्ता माझ्या बहिणीची मुलगी. निखिलची सख्खी आतेबहीण. सगळे मला म्हणाले, बहीण दिलेल्या घरातून वेल परत आणतोस होय, आपल्यात असं करत नाहीत. पण बहिणीनं जाताना हिचा हात माझ्या हातात दिला होता. मी आणली. लोकांत सांगायचं मात्र टाळलं.”

मी खोडरबर घेतलं. ‘नाही’ खोडलं. द्वारकाबाईंचा गोल वर काढला. त्याखाली तात्यांच्या बहिणीचा गोल, त्याखाली मुक्ताचा, त्याखाली ओवीचा. आणि बहिणीच्या शेजारी, त्याच आईच्या पोटचा, एक चौकोन.

“हा कोण?” तात्यांनी विचारलं.

“आपण.”

नात्यातल्या लग्नामुळे हा आजार झाला नाही, मुक्ता कुठेही दिली असती तरी झालाच असता, हे मी आधी सांगून टाकलं. मग तात्यांकडे पाहिलं. इतका वेळ समोर होतं ते आता मला दिसलं. “तात्या, जरा मान सरळ करता?”

“का?”

“करा तर.”

त्यांनी हनुवटी खाली आणली. पापण्या जिथल्या तिथे राहिल्या, बुबुळांच्या अर्ध्यावर. पेठेनं वर्षानुवर्षं ज्याला माज समजून सलाम केला, ती पापणीच्या स्नायूची अशक्तता होती. बिचाऱ्यांना समोरचं दिसावं म्हणून मान मागे टाकावी लागत होती. मग मी एकेक विचारत गेले. साखर? आहे. ऐकू? डावा कान नाहीच. दुपारी दार वाजवलं तर उघडत नाहीत ते?

“झोप लागते,” तात्या म्हणाले. “मेल्यासारखी. लोक म्हणतात शिस्त आहे. मी म्हटलं, म्हणू दे.”

“आणि पर्वतीचा इतिहास?”

“मला त्यातलं फारसं काही येत नाही,” तात्या म्हणाले. “पायच उचलत नाहीत. माझी आईसुद्धा जिना चढताना मधल्या पायरीवर बसायची. वडील वरून ओरडायचे, आम्ही हसायचो. त्या पायरीला आम्ही ‘आईची पायरी’ म्हणायचो. बहीण तशीच बसायला लागली, तेव्हा मला भीती वाटली. मुक्ता बसायला लागली, तेव्हा म्हटलं, हिला बसू द्यायचं नाही. उगमालाच पाणी गढूळ, आणि मी इकडे कालवा साफ करत बसलो.”

मला रडू आवरेना, म्हणून मी शेंगदाणे खाल्ले.

आत डॉक्टरीणबाईंनी तात्यांचाही नमुना मागितला. तात्यांनी मान मागे टाकून त्यांच्याकडे पाहिलं. “या वयात?” ते म्हणाले.

“बाटली उजव्या हाताला आहे,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

मग त्यांनी मुक्ताला विचारलं, आज खाल्लं काय? त्यांचं बजावणं घरी कोणी मनावर घेतलं नव्हतं. मुक्तानं माईंकडे बघितलं. “आज चतुर्थी आहे,” माई पुटपुटल्या. “चंद्र दिसल्यावर...”

“हिनं उपाशी राहायचं नाही. कधीच. गणपतीला काही विचारायचं असेल तर माझा नंबर द्या.”

यावर औषध काय, असं निखिलनं विचारलं. आजाराबद्दल त्यानं विचारलेला तो पहिला प्रश्न. मुळापासून बरं करणारं औषध नाही, हे ऐकताना लोकांचे चेहरे बघणं मला शेवटपर्यंत जमलं नाही. वेळेवर खायचं, झेपेल तेवढंच पण नेमानं चालायचं, दमलं की बसायचं. साखर, कान आणि हृदय तपासत राहायचं. ओवीची तपासणी आत्ता नको, तिला काही त्रास नाही. मोठी झाली की तिचं ती ठरवेल. एवढंच आमच्याकडे देण्यासारखं होतं.

बाहेर येऊन तात्या पुन्हा माझ्या कागदावर वाकले. त्यांच्या चौकोनाखाली निखिलचा चौकोन होता. “म्हणजे माझ्याकडून निखिलकडे किती गेलं?”

“या बाबतीत? काही नाही. त्याच्या शेगड्या माईंच्या. आपल्यापाशी रस्ता संपतो.”

“काहीच नाही?” सुटका झाल्याचा आनंद मानायचा की अपमान, हे त्यांना ठरवता येईना. लाल पुस्तक त्यांच्या काखेत होतं. “आणि ओवीकडे?”

“ओवीकडच्या आपल्या आईच्या. आपल्या बहिणीकडून, मग मुक्ताकडून. दुसरी कोणी सून आणली असतीत, तर आपल्या आईचं हे आपल्या घरात आलंच नसतं.”

तात्या बराच वेळ त्या चार गोलांकडे बघत राहिले. मग जिना उतरायला लागले आणि वळणावर बसले, पाटीखाली. मुक्ता आपसूक त्यांच्या शेजारी बसली. माई दोन पायऱ्या खाली उभ्या होत्या. त्यांनी पर्स उघडून चिक्कीची वडी काढली, मुक्ताच्या हातात ठेवली, आणि तिच्याकडे न बघता म्हणाल्या, “मी तुला रोज सकाळी पाचाला उठवत होते गं.”

“वाईचं काय ते रद्द करा,” तात्या म्हणाले. “तिला माहेरीच पाठवायची होती ना? ती माहेरीच आहे. ही माझ्या आईची नात आहे.”

वरून घरमालक ओरडले, “तिथे बसायला मनाई आहे, पाटी वाचली नाही का?”

“वाचली,” तात्या म्हणाले. “आपण काढून टाका.”

मी निवृत्त झाले त्याला आता काही काळ झाला. गुडघ्यांनी मलाही नोटीस दिली आहे, तरी परवा सकाळी हट्टानं पर्वतीला गेले. अर्ध्यावर ओळखीची मान दिसली, पण सरळ. आता चष्म्याला पापणी उचलून धरणारी बारीक तार बसवली आहे, त्यामुळे तात्या जगाकडे सरळ बघतात आणि दुकानदारांवरचा धाक गेला आहे. शेजारी मुक्ता होती, दोघांच्या मध्ये दाण्याच्या लाडवांचा डबा. मुक्ता घरी गाण्याचे वर्ग घेते म्हणाली, बसून. मला एक लाडू मिळाला. खवट नव्हता.

तेवढ्यात धावणारा एक तरुण टाळ्या वाजवत थांबला. “कम ऑन आजोबा! थोडंच राहिलंय! गिव्ह अप नाही करायचं!”

“आपण व्हा पुढे,” तात्या म्हणाले. “वर येतो असं आम्ही कोणाला कबूल केलेलं नाही.”

वरून ओवी धावत आली, दोन दोन पायऱ्या टाकत. आली आणि धपकन त्या दोघांच्या खालच्या पायरीवर बसली. नोकरी सुटली तरी सवय सुटत नाही. मी तिच्या ओठांचा रंग पाहिला, श्वास पाहिला, पापण्या पाहिल्या. मुक्ताही तेच पाहत होती, आणि तात्याही.

“दमलीस का गं?” मी विचारलं.

“नाही,” ओवी म्हणाली आणि डब्यातला लाडू घेतला. “आमच्याकडे इथे बसतात.”